एकूण प्रयोग पाच

नाव आता कुणाला आठवायचं नाही:
'हर्बर्टकाका परत आले'.
तीन अंक, एक घर, चार दारं
आणि एक भाजलेलं बदक, मी बनवलेलं,
कागदाच्या लगद्याचं, वर वॉर्निशचे दोन हात.
सत्तावन्न साल. मी प्रॉपर्टीवाल्याचा मदतनीस,
वय बावीस, मिशी नुकतीच ठेवलेली.

लेखक अर्विन झेल्निक. ब्राँक्सला बुटांच्या दुकानात
दिवसभर लोकांची पावलं मोजायचा,
रात्री बायको झोपली की स्वयंपाकघरात
काकांना त्यांच्याच तेराव्याला जेवायला आणायचा.
निर्माता हॅव्हर्टी. पैसे त्याचे नव्हतेच.
तीन दंतवैद्य, कनेक्टिकटची एक विधवा,
आणि गोठवलेल्या वाटाण्यांचा एक व्यापारी,
त्याची अट एवढीच, की पुतणीनं दुसऱ्या अंकात
शेंगा सोलायच्या नाहीत, पाकीट फोडायचं.

न्यू हेवनला पहिला प्रयोग.
काका यायचे, तर दार फुगलेलं, उघडेचना.
बाहेरून टिब्बेट्स ढकलतोय,
आतून काकू ओढतेय, अख्खी भिंत डुलतेय,
आणि भिंतीवरचा हार घातलेला काकांचा फोटो
धाडकन खाली.
लोक असे हसले की एक बाई खुर्चीतून घसरली.
झेल्निक शेवटच्या रांगेमागे, हातानं तोंड दाबून.

दिग्दर्शक म्हणाला, हे ठेवायचं.
बॉस्टनला मी खिट्टीला दोरी बांधून विंगेत बसलो.
टिब्बेट्सनं ढकललं, काकूनं ओढलं,
फोटो ठरल्या वेळी पडला.
कुणीतरी खोकलं.

मग दार उजवीकडचं डावीकडे गेलं.
मग काकूच बदलली. कॉन्स्टन्स प्रूइट
टोपीची पेटी घेऊन टॅक्सीत बसताना मला म्हणाली,
"बदकाला जप."
फिलाडेल्फियात दुसरा अंक पहिला झाला.
झेल्निक हॉटेलच्या टबाच्या काठावर टाइपरायटर ठेवून
पहाटेपर्यंत ठोकत बसायचा,
नटांची बोटं कार्बननं निळी.
एका आवृत्तीत काका खरंच मेलेले निघाले.
ती मला बरी वाटली होती. मला कुणी विचारलं नाही.

न्यूयॉर्क, नोव्हेंबर, बुधवार.
सगळ्यात जास्त टाळ्या हॅव्हर्टीच्या आईच्या.
रात्री एकला पेपर आले, शाई हाताला लागणारे.
त्यानं पहिला वाचला, दुसरा घडी करून खिशात घातला,
तिसरा उघडलाच नाही.
टेबलावरचे लोक एकेक करून आपापले कोट शोधू लागले,
आणि वाटाणेवाल्यानं विचारलं, पाकीट नीट दिसलं का.

नाटक पडलं म्हणतात.
गुरुवारी मी गेलो तेव्हा सगळं उभंच होतं,
चारही दारं, घड्याळ, पायपुसणं.
फक्त फळ्यावर चार ओळींचा कागद.

शनिवार रात्र, पाचवा प्रयोग.
एकशे बारा माणसं, त्यातली निम्मी पासवर.
मी दोरी बांधलीच नाही. म्हटलं, आज तरी सरळ उघडू दे.
टिब्बेट्सनं सवयीनं खांदा मारला
आणि काका थेट टेबलावर,
बदक हवेत, बदक पाचव्या रांगेत,
एका टक्कल पडलेल्या गृहस्थाच्या मांडीत.
तो उठला. दोन्ही हातांत धरून, बाळ आणावं तसं,
ते स्टेजपर्यंत घेऊन आला,
आणि काकूला म्हणाला, "बाई, जरा कच्चं आहे."
पुढची तीन पानं कुणाला म्हणताच आली नाहीत.

झेल्निक नव्हता.
दुकान शनिवारी नऊपर्यंत उघडं असायचं.

रविवारी ट्रक आला, भिंती जर्सीला जाळायला गेल्या.
बदक मी कोटाखालून आणलं.
सोमवारी ब्राँक्सला गेलो, त्याला सांगायला.
त्यानं आधी माझं पाऊल मोजलं.
साडेनऊ, म्हणाला, डावं थोडं मोठं.
मग मी सांगितलं सगळं, त्या गृहस्थाचं, तीन पानांचं.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
बुटाच्या खोक्यावर काहीतरी लिहिलं,
आणि मान वर न करता विचारलं,
"कितवी रांग म्हणालास?"